मास्टर रामचंद्र : वर्गात सापडलेले पाचारण

दिल्लीला जाण्याचा प्रसंग आपणांवर कधी आला, तर काश्मिरी दरवाजाच्या परिसरात अवश्य थांबा. बसस्थानकाची आणि मेट्रोची गर्दी मागे टाकून थोडे चालत गेलात, की घुमट असलेले सेंट जेम्स चर्च आपणांस दिसेल. कर्नल जेम्स स्किनर यांनी बांधलेले हे मंदिर १८३६ साली उपासनेसाठी अर्पण झाले. तेथून जवळच मोगल राजपुत्र दारा शुकोह याच्या ग्रंथालयाची जुनी वास्तू उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या वास्तूत दिल्ली कॉलेजचे वर्ग भरत असत. या दोन इमारतींमधील अंतर चालून जाण्यास काही मिनिटे पुरतात. परंतु त्या कॉलेजातील एका तरुण शिक्षकाला त्या मंदिरातील बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागली. आणि त्यानंतर पुन्हा आपल्या शहरातील मुलांपर्यंत येताना त्याला मृत्यूच्या छायेतून जावे लागले.

त्या शिक्षकाचे नाव मास्टर रामचंद्र. गणिताच्या इतिहासकारांना हे नाव ठाऊक आहे. उर्दू पत्रकारितेच्या अभ्यासकांनाही ते परिचयाचे आहे. परंतु आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये ते फारसे कोणी घेत नाही. म्हणून, वाचकहो, आज त्यांची ओळख आपणांस करून द्यावीशी वाटते; आणि तीही गणिती किंवा पत्रकार म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून. कारण त्यांच्या आयुष्याचा धागा हाती घेऊन आपण मागे गेलो, तर तो प्रत्येक वेळी वर्गाच्या दाराशीच येऊन थांबतो.

पोरके बालपण

रामचंद्रांचा जन्म १८२१ साली पानिपत येथे झाला. मराठी माणसाच्या मनात हे गावाचे नाव वेगळ्याच आठवणी जागे करते; पण रामचंद्रांचे वडील सुंदरलाल हे तेथे कंपनी सरकारच्या महसूल खात्यात नोकरीला होते, एवढाच या जन्माचा त्या गावाशी संबंध. घराणे मूळचे दिल्लीचे, माथुर कायस्थांचे. लेखणी हेच ज्यांचे उपजीविकेचे साधन, अशा या समाजात अक्षरज्ञानाला मान होता. परंतु १८३१ साली वडील वारले आणि सहा मुलांचा भार एकट्या आईवर पडला. त्या वेळी रामचंद्रांचे वय जेमतेम दहा वर्षांचे होते. त्या माउलीने काटकसर करून मुलांना वाढवले आणि १८३३ मध्ये रामचंद्रांना दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत घातले.

त्याच सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा विवाह झाला. सासर सधन होते आणि या सोयरिकीमुळे घरची ओढाताण थोडी कमी होईल अशी वडीलधाऱ्यांची आशा होती. विवाहानंतर कळले, की मुलगी जन्मतःच मूकबधिर आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे दोन अजाण मुलांच्या आयुष्याचा निर्णय त्यांना न विचारता झाला होता. या घटनेत दोष ना त्या मुलीचा होता, ना त्या मुलाचा; पण त्याचे ओझे दोघांनाही वाहावे लागले. ज्या वयात घर उबदार वाटावे, त्या वयात रामचंद्रांचे मन पुस्तकांकडे अधिक वळले. शाळेत गणिताचे शिक्षण यथातथाच होते. त्यांनी पुस्तके मिळवून घरीच बीजगणिताचा अभ्यास सुरू केला.

घरच्या गरजेमुळे पुढे शाळा सोडावी लागली व दोन-तीन वर्षे कारकुनी करावी लागली. १८४१ मध्ये मात्र दिल्ली कॉलेजची दरमहा ३० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. शिकण्याची संधी एकदा गमावून पुन्हा मिळालेला माणूस शिक्षणाकडे किती कृतज्ञतेने पाहतो, हे आपणांपैकी ज्यांच्या वाट्याला आले असेल, त्यांना सांगावयास नको.

लोकांच्या भाषेत विज्ञान

दिल्ली कॉलेज ही त्या काळची एक विलक्षण संस्था होती. अजमेरी दरवाजाजवळील जुन्या मदरशात १८२५ साली ते सुरू झाले. तेथे एक इंग्रजी विभाग होता आणि दुसरा प्राच्य विभाग, जेथे अरबी, फारसी व संस्कृत शिकवीत. कॉलेजचे फ्रेंच प्राचार्य फेलिक्स बुत्रो यांनी १८४० नंतरच्या दशकात एक धाडसी प्रयोग आरंभिला. पाश्चात्त्य विज्ञान व गणित इंग्रजीतून नव्हे, तर उर्दूतून शिकवावयाचे! त्यासाठी पुस्तकांची भाषांतरे करणारी एक मंडळी स्थापन झाली. कोलकात्यापासून मुंबईपर्यंत उच्च शिक्षणात इंग्रजीचा बोलबाला वाढत असताना, येथे लोकांच्या बोलीत ज्ञान उतरविण्याचा हा खटाटोप चालला होता.

१८४४ मध्ये रामचंद्रांची याच कामासाठी नेमणूक झाली. प्राच्य विभागातील विद्यार्थ्यांना उर्दूतून पाश्चात्त्य विज्ञान शिकवावयाचे, आणि वेतन दरमहा ५० रुपये. वय वर्षे तेवीस. शिकवण्यासाठी पाठ्यपुस्तके नव्हती. म्हणून ती त्यांनीच रचली. बीजगणित, त्रिकोणमिती, भूमितीत बीजगणिताचा उपयोग, कलनशास्त्र अशा विषयांवर त्यांनी उर्दूत पुस्तके तयार केली.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामात ज्यांची वर्षे गेली आहेत, त्यांना या उद्योगाचे मोल चटकन कळेल. परक्या भाषेतील कल्पनेला आपल्या भाषेत शब्द सापडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. शब्द विद्वानाला पटेल की साध्या वाचकाला कळेल, हा पेच दररोज पडतो. दिल्लीच्या त्या भाषांतरकारांनी आपल्यासाठी काही नियम ठरवले होते. जेथे आपल्या भाषेत शब्द आहे तेथे तो वापरावा. सोडियम, क्लोरीन यांसारख्या ज्या वस्तूंना आपल्याकडे नावच नाही, तेथे मूळ शब्द जसाच्या तसा घ्यावा. किती समंजस नियम! त्यामागची दृष्टी भाषेच्या अभिमानाइतकीच विद्यार्थ्याच्या सोयीची होती.

मराठी वाचकाला येथे बाळशास्त्री जांभेकरांची आठवण होईल. बाळशास्त्री मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत, १८३२ मध्ये त्यांनी 'दर्पण' काढले, कलनशास्त्रासारखा अवघड विषय मराठीत आणला आणि १८४६ मध्ये अकाली देह ठेवला. रामचंद्रांनीही १८४५ मध्ये 'फवायद-उल-नाझरीन' हे उर्दू पाक्षिक आणि १८४७ मध्ये एक मासिक सुरू केले. विज्ञानातील शोध, थोरांची चरित्रे, इतिहास आणि समाजातील अंधश्रद्धांवर परखड लेख असे त्यांचे स्वरूप होते. हे दोघे कधी भेटले नाहीत. तरी दोघांची तळमळ एकच होती. वर्गाच्या चार भिंतींत मावणार नाही एवढे त्यांना शिकवावयाचे होते. म्हणून त्यांनी छापखान्याची मदत घेतली.

रामचंद्रांच्या वर्गात काय घडत असे? पृथ्वी विश्वाच्या मध्याशी स्थिर आहे, हे जुन्या ग्रंथांतून शिकून आलेले विद्यार्थी तेथे नव्या खगोलशास्त्राशी त्याची तुलना करू लागले. हळूहळू वरच्या वर्गातील मुलांना जुने मत हास्यास्पद वाटू लागले. शहरातील विद्वानांना हे रुचले नाही. पण मुलांना स्वतः विचार करण्याची गोडी लागली होती, आणि ती एकदा लागली की सहसा सुटत नाही.

वर्गासाठी लिहिलेला ग्रंथ

१८५० साली रामचंद्रांनी इंग्रजीत एक ग्रंथ स्वतःच्या खर्चाने कोलकात्यात छापला. एखाद्या राशीचे मूल्य जास्तीत जास्त किंवा कमीत कमी केव्हा होते, अशा प्रश्नांचा तो ग्रंथ होता. असे प्रश्न सोडवण्यासाठी युरोपात कलनशास्त्र वापरीत. रामचंद्रांनी दाखवून दिले, की ते साध्या बीजगणितानेही सुटतात.

एक सोपे उदाहरण घेऊ. १० या संख्येचे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा यावा. एक भाग क्ष मानला, तर दुसरा १० वजा क्ष. त्यांच्या गुणाकाराला प म्हणू. आता क्ष काढण्यासाठी जे वर्गसमीकरण तयार होते, त्याच्या उत्तरात २५ वजा प या राशीचे वर्गमूळ येते. ऋण संख्येचे वर्गमूळ वास्तव असू शकत नाही. म्हणून प कधीही २५ पेक्षा मोठा होणार नाही. तो २५ झाला की दोन्ही भाग ५ व ५ होतात. बस्स, प्रश्न सुटला! शाळेत वर्गसमीकरण शिकलेल्या कोणालाही हे समजेल. याच मार्गाने रामचंद्र अधिकाधिक अवघड प्रश्नांकडे जातात.

आपण विचाराल, कलनशास्त्र ठाऊक असताना हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर त्यांच्या शिक्षकपणात आहे. त्यांना वाटे, की भारतीय मनाला बीजगणिताची उपजत ओढ आहे. भास्कराचार्यांचे बीजगणित आपल्याकडेच निर्माण झाले. मग मुलांना एकदम परक्या वाटेवर ढकलण्यापेक्षा त्यांच्या ओळखीच्या वाटेने उंच शिखरावर का नेऊ नये? ज्यांचा वारसा त्यांनी पुढे नेला, त्या भास्कराचार्यांचे नाव आपल्या खानदेशाशी जोडलेले आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला होता. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तसा शिलालेख तेथे आहे. सह्याद्रीच्या कुशीतील तो मठ आणि यमुनेकाठचा तो वर्ग यांमध्ये सहाशे वर्षांचे अंतर आहे. पण गणित शिकवावे कसे, ही चिंता दोन्हीकडे सारखीच.

ग्रंथाचे स्वागत मात्र निराशाजनक झाले. कोलकात्याच्या समीक्षकांनी त्यात नावीन्य नाही, उपयोग नाही, असे म्हणून तो झिडकारला. पदरचे पैसे खर्ची पडले ते वेगळेच. सुदैवाने कोलकात्यातील ड्रिंकवॉटर बेथून या गुणग्राही अधिकाऱ्याने त्याच्या प्रती विलायतेस पाठवल्या आणि त्यांतील एक लंडनमधील प्रसिद्ध गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडली. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ सालचा, आपल्याच मदुरेचा. तेही हाडाचे शिक्षक होते. या ग्रंथातील शोधापेक्षाही त्यामागचा शिक्षणाचा विचार त्यांच्या मनाला भिडला. त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे पाठपुरावा केला. परिणामी रामचंद्रांना मानाचा पोशाख व २,००० रुपयांचे पारितोषिक देण्याचे ठरले आणि १८५९ मध्ये तो ग्रंथ डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह लंडनला पुन्हा छापला गेला. त्या प्रस्तावनेसाठी त्यांनी रामचंद्रांकडून स्वतःचा वृत्तांत लिहवून घेतला, म्हणूनच आज त्यांच्या बालपणाविषयी आपणांस इतके तपशील ठाऊक आहेत.

सत्याच्या शोधाची दुसरी पायरी

परंतु हा सन्मान येईपर्यंत रामचंद्रांच्या जीवनात दोन मोठी वादळे येऊन गेली होती. त्यांतील पहिले श्रद्धेचे.

विज्ञान शिकवता शिकवता परंपरागत धर्मावरील त्यांचा विश्वास उडाला होता. ईश्वर एक आहे आणि नीतीने वागावे, एवढ्यापुरते ते मानीत. ख्रिस्ती धर्मही इतर धर्मांसारखाच अंधश्रद्धांनी भरलेला असणार आणि सुशिक्षित इंग्रज तो केवळ रूढी म्हणून पाळीत असणार, अशी त्यांची समजूत होती. एकदा कुतूहलापोटी ते उपासना पाहावयास गेले. ज्यांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना आदर होता, असे काही इंग्रज गृहस्थ तेथे गुडघे टेकून मनोभावे प्रार्थना करीत असलेले त्यांनी पाहिले. त्यांच्याशी कोणी वाद केला नाही, कोणी उपदेश केला नाही. पण त्यांच्या मनातील पक्के गृहीतक ढळले. चांगल्या विद्यार्थ्याप्रमाणे त्यांनी मग मूळ पुस्तकच हाती घेतले. ते नवा करार वाचू लागले, इतर धर्मग्रंथांशी तो ताडून पाहू लागले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. हा मनुष्य भावनेच्या भरात ख्रिस्ताकडे आला नाही. सत्य कोणत्याही दिशेने आले तरी ते तपासावे व पटले तर स्वीकारावे, हेच तो रोज आपल्या मुलांना शिकवीत होता. आता तोच नियम त्याला स्वतःला लागू करावा लागला. फळ्यावर लिहिलेले सूत्र स्वतःच्या जीवनात सोडवून दाखवण्याची वेळ प्रत्येक शिक्षकावर कधी ना कधी येते. अनेक जण तेथे माघार घेतात. रामचंद्रांनी घेतली नाही.

१८५२ मध्ये सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांनी व त्यांचे स्नेही डॉ. चिमनलाल यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. रामचंद्रांनी येशुदास हे नावही धारण केले.

दिल्ली शहर हादरले. एक नामांकित वैद्य आणि एक नामांकित अध्यापक, दोघेही प्रतिष्ठित घराण्यांतील, एकाच वेळी ख्रिस्ती झाले होते. काही पालकांनी आपली मुले कॉलेजातून काढून घेतली. आपल्या मुंबईतही असेच घडले होते. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यानंतर डॉ. जॉन विल्सन यांची शाळा जवळजवळ ओस पडली होती. पुढे १८५४ मध्ये बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनाही आप्तांचा वियोग सोसावा लागला. जातभाईंचे दार बंद होणे ही त्या पिढीतील प्रत्येकाची कहाणी आहे. परंतु शिक्षकाच्या दुःखाला आणखी एक पदर असतो. ज्या विद्यार्थ्यांसाठी त्याने रात्री जागवल्या, तेच समोरून उठून जातात. सत्याशी प्रामाणिक राहावे, तर शिष्य दुरावतात. शिष्य राखावेत, तर ज्याचा धडा त्यांना दिला त्या सत्याशीच प्रतारणा होते. असा तो पेच होता.

रामचंद्रांनी कॉलेज सोडले नाही. जी मुले राहिली त्यांना ते शिकवीत राहिले. बीजगणिताच्या तासाचा त्यांनी प्रवचनाचा तास केला नाही, आणि आपली श्रद्धा लपवूनही ठेवली नाही.

१८५७

दुसरे वादळ ११ मे १८५७ रोजी आले. मेरठहून निघालेले शिपाई यमुना ओलांडून दिल्लीत शिरले. त्याच दिवशी डॉ. चिमनलाल दर्यागंजातील आपल्या दवाखान्यात मारले गेले. दिल्ली कॉलेजचे प्राचार्य टेलर यांचाही त्या धामधुमीत अंत झाला. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले. ज्या पुस्तकांभोवती रामचंद्रांचे जीवन फिरत होते, त्यांची पाने रस्त्यावर पसरली.

रामचंद्र वाचले ते आपल्या आप्तांमुळे. त्यांचे भाऊ ख्रिस्ती नव्हते. ज्याने घराण्याच्या नावाला त्यांच्या मते बट्टा लावला होता, त्याला शोधणाऱ्यांच्या हवाली करून ते मोकळे होऊ शकले असते. पण त्यांनी त्याला लपवले. पुढे संधी मिळताच रामचंद्र शहराबाहेर पडले, काही काळ एका खेड्यात आश्रयाला राहिले आणि अखेर शहराबाहेरील टेकडीवरच्या इंग्रज छावणीत पोहोचले. तेथे त्यांनी कागदपत्रांच्या भाषांतराचे काम केले. ज्या घराने आपणांस वाळीत टाकले, त्याच घराचे रक्ताचे नाते वेळप्रसंगी आडवे उभे राहते, हा अनुभव आपल्या अनेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या आठवणींतही आहे. तो विसरता कामा नये.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहरावर सूड उगवला. रामचंद्र परतले, तेव्हा त्यांना वाटले असेल, की आता तरी आपण सुरक्षित आहोत. झाले उलटेच. रस्त्याने जाताना इंग्रज अधिकारी त्यांच्यावर गोळे फेकून मारीत. एकदा एका अधिकाऱ्याने त्यांना काठीने मारले. आपण ख्रिस्ती आहोत असे त्यांनी सांगितले, तरी त्यांच्या काळ्या रंगाकडे बोट दाखवून त्याने मारणे थांबवले नाही. रामचंद्रांनी त्याबद्दल लष्करी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. ख्रिस्ताच्या नावासाठी बंडखोरांच्या हातून मरण्याची त्यांच्या मनाची तयारी होती. पण त्याच ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यांच्या हातचा मार खाण्याची तयारी कोण करून ठेवतो?

वाचकहो, या टप्प्यावर दोन वाटा सोप्या होत्या. ज्यांच्या हातून अपमान झाला त्यांच्या धर्मापासून दूर जाण्याची एक; आणि ज्या शहराने आपल्या मित्राचा जीव घेतला त्या शहराकडे कायमची पाठ फिरवण्याची दुसरी. रामचंद्रांनी यांपैकी एकही वाट धरली नाही. गोऱ्या अधिकाऱ्याची काठी म्हणजे ख्रिस्त नव्हे आणि उन्मत्त जमाव म्हणजे दिल्ली नव्हे, हा भेद त्यांना कळत होता.

पुन्हा शाळेत

१८५८ च्या आरंभी रुडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात त्यांची मुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे ते निवांतपणे राहू शकले असते. पण त्याच वर्षी दिल्लीत नवी जिल्हा शाळा निघाली आणि तिचे मुख्याध्यापक म्हणून रामचंद्र आपल्या शहरात परत आले. उजाड झालेले मोहल्ले, पाडलेली घरे, विखुरलेली कुटुंबे यांच्यामध्ये एक शाळा उघडावयाची आणि मुलांना पुन्हा पाढे, अंकगणित, भाषा शिकवावयाची. या कामाला कोणी पराक्रम म्हणणार नाही. परंतु मोडलेल्या शहराला पुन्हा उभे करणारे हात असेच असतात. एका बाजूला लंडनमध्ये त्यांचा ग्रंथ छापला जात होता, विद्वानांत नाव होत होते. आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावे लिहीत होता.

प्रकृती खालावल्यामुळे १८६६ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. नंतर पतियाळा संस्थानचे तरुण महाराज महेंद्रसिंग यांचे ते शिक्षक झाले आणि १८७० मध्ये त्या संस्थानच्या शिक्षण खात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. उतारवयात त्यांनी धर्मविषयक उर्दू ग्रंथही लिहिले. त्या काळच्या वादविवादांची धार त्यांत आहे आणि आज आपण तो सूर लावणार नाही. ११ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे प्रिय दिल्ली कॉलेज १८५७ नंतर बंद पडले, १८६४ मध्ये पुन्हा उघडले आणि १८७७ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा बंद झाले. त्यांच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, १८८१ मध्ये, केंब्रिज मिशनने दिल्लीत सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू केले.

शिष्य हेच पुस्तक

मग या आयुष्याचा हिशेब कसा मांडावा? ग्रंथाचा उपयोग व्हावा तसा झाला नाही. भारतातील शाळांनी ती पद्धत उचलली नाही. नियतकालिके काही वर्षांत बंद पडली. उर्दूतून विज्ञान शिकवण्याचा प्रयोग इंग्रजीच्या लाटेपुढे टिकला नाही. या सर्व गोष्टींवरून पाहिले, तर हे जीवन अपयशी म्हणावे लागेल.

पण त्यांचे विद्यार्थी पाहा. झकाउल्ला हे त्यांचे आवडते शिष्य. गणितात असामान्य बुद्धी असलेला हा मुलगा पुढे अलाहाबादच्या म्युअर कॉलेजात प्राध्यापक झाला आणि गणित, इतिहास व इतर विषयांवर त्याने उर्दूत शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. विज्ञान लोकांच्या भाषेतच शिकवले पाहिजे, हा गुरूचा ध्यास त्याने आयुष्यभर वाहिला. नझीर अहमद हेही त्याच कॉलेजात शिकले. १८६९ मध्ये त्यांनी 'मिरात-उल-उरूस' ही मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेणारी कादंबरी लिहिली. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील 'यमुनापर्यटना'ला मराठीत जे स्थान आहे, जवळपास तेच या कादंबरीला उर्दूत आहे.

हे दोघेही अखेरपर्यंत श्रद्धाळू मुसलमान राहिले. गुरू ख्रिस्ती झाल्यावर झकाउल्लांना लोकांनी टोमणे मारले असतील. पण त्यांनी गुरूशी असलेले नाते तोडले नाही. पुढे सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवण्यासाठी १९०४ मध्ये दिल्लीस आलेले सी. एफ. अँड्र्यूज यांचा वृद्ध झकाउल्लांशी गाढ स्नेह जडला. १९१० मध्ये झकाउल्ला वारले आणि १९२९ मध्ये अँड्र्यूज यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ख्रिस्ती गुरूचा मुसलमान शिष्य आणि त्या शिष्याचा ख्रिस्ती चरित्रकार अशी ही साखळी आहे. रामचंद्रांनी वर्गात जे पेरले, त्याचे पीक असे अनपेक्षित शेतात आले.

येथे, मला वाटते, शिक्षकाच्या धन्यतेचे मर्म आहे. शिष्य आपल्यासारखाच व्हावा, आपले मत त्याने उचलावे, आपले नाव त्याने गाजवावे, अशी अपेक्षा धरणारा शिक्षक बहुधा निराश होतो. रामचंद्रांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचार करावयास शिकवले आणि मग त्यांना मोकळे सोडले. त्यांतील काही त्यांना सोडून गेले, काही त्यांच्या श्रद्धेपासून दूरच राहिले, तरी त्यांच्या जीवनात जे खरे व उपयुक्त होते त्यात या गुरूचा वाटा होता. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस समजावले होते, की लावणारा एक असतो, पाणी घालणारा दुसरा असतो, आणि वाढ मात्र दोघांच्याही हातची नसते. शाळेतील शिक्षकाला हे वचन रोज लागू पडते. त्याच्या हातात फक्त लावणे आहे.

आपणांपैकी कोणी शाळेत शिकवत असाल, कोणी शब्बाथ शाळेत पाचसहा मुलांचा वर्ग घेत असाल, कोणी घरी शेजारच्या मुलांना गणिताचे धडे देत असाल. वर्ग सुटल्यावर रिकाम्या फळ्यासमोर उभे राहून आपल्या मनात कधी प्रश्न आला असेल, की या सर्वांतून काय निष्पन्न होते? आपल्याहून कमी शिकलेले पुढे गेले, अधिक कमावू लागले. आपण मात्र दरवर्षी त्याच धड्यापाशी आहोत. हा प्रश्न मनात आल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तो रामचंद्रांच्याही मनात आला असेल. बाप्तिस्म्यानंतर मुले उठून गेली त्या दिवशी, आणि लुटलेल्या ग्रंथालयाची बातमी कळली त्या दिवशीही.

तेव्हा त्यांनी जे केले, ते आपणांस करता येण्याजोगे आहे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर्गात गेले. समोर कोणते मूल आहे, त्याला कोणती भाषा समजते, कोणत्या ओळखीच्या वाटेने त्याला पुढे नेता येईल, याचा त्यांनी विचार केला आणि धडा सुरू केला. आपला प्रभूही शेताच्या, खमिराच्या, हरवलेल्या नाण्याच्या भाषेत शिकवीत असे, आणि त्याचेही अनेक ऐकणारे मध्येच उठून गेले होते.

काश्मिरी दरवाजाजवळची ती दोन्ही ठिकाणे आजही आहेत. आपण तेथे गेलात, तर चर्चमध्ये प्रार्थना करून झाल्यावर त्या जुन्या ग्रंथालयाच्या पडवीतही थोडा वेळ उभे राहा, आणि ज्याने आपणांस पहिली बेरीज शिकवली त्याचे नाव घेऊन देवाचे आभार माना.